तुम्ही विचारलंत म्हणून: मांजराची खेळणी कुलपात का?

ब्लाउजचं माप द्यायला आलेली जवळजवळ प्रत्येक बाई भुरीकडे बघून विचारते, "अहो, मांजराची खेळणी कपाटात, आणि वर कुलूप? एक लोकरीचा गुंडा टाका की तिच्यापुढे, बसेल खेळत." जाऊबाई दर दिवाळीला विचारतात. आजवर "तिला आवडत नाही" असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटं आहे. तिला दोऱ्याइतकं दुसरं काहीच आवडत नाही.

भुरी सात महिन्यांची होती. दिवाळीच्या आधीचा आठवडा, ब्लाउजांचा ढीग, रात्रीचे अकरा वाजलेले. जरा पाठ मोकळी करावी म्हणून मीच मोरपंखी रिळाचा दोरा सोडला आणि तिच्यापुढे नाचवायला लागले. ती दबा धरायची, मागचा भाग हलवायची, झेप घ्यायची, दोरा तोंडात धरायची. मी हसत होते. मुलीनं व्हिडिओ काढला. तो तिच्याकडे अजून आहे, मी बघत नाही. मग फोन आला, मी उठले आणि दोरा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला पिवळ्या फेसाची उलटी झाली. केस गेले असतील पोटात, म्हणून मी मशीनवर बसले. तिसऱ्या दिवशी ती दिवाणाखालून बाहेरच येईना. जवळच्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून इंजेक्शन दिलं. त्यांना दोष देत नाही. दोऱ्याचं मी सांगितलंच नव्हतं, मला सुचलंच नव्हतं. संध्याकाळी ती कशीबशी मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसली आणि मागून बोटभर मोरपंखी दोरा लोंबताना दिसला. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, निघतोय बाहेर. आणि मी तो चिमटीत धरून ओढला.

थोडा आला, मग ताठ झाला. त्या क्षणी भुरीनं काढलेला आवाज मला लिहिता येणार नाही.

रात्री दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिचं तोंड उघडून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा फास बसला होता. मी शिवणकाम करते हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "धावदोरा घालून एका टोकाला गाठ मारली आणि दुसरं टोक ओढलं, तर कापडाचं काय होतं?" मी म्हटलं, चुण्या पडतात. "तिच्या आतड्याचं तेच झालंय."

एवढं मला लगेच समजलं. दोरा एका टोकाला अडकतो, आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं आणि स्वतःच त्याच्यावर गोळा होत जातं. ताणलेला दोरा मग आतून कापायला लागतो. म्हणून तोंडातून असो की मागून, लोंबणारा दोरा कधीही ओढायचा नाही. थेट डॉक्टर गाठायचे. मी नेमकं उलटं केलं होतं.

पोट उघडून, आतड्याला तीन ठिकाणी छेद देऊन त्यांनी दोरा तुकड्यातुकड्यांनी काढला. 22,000 रुपये झाले, ते झाले. घरी आणल्यावर मी तिच्या पोटावरचे टाके बघत बसायचे. एकसारखे, जवळजवळ घातलेले, सुरेख टाके. हात इतका सफाईदार होता की माझी नजर पुन्हापुन्हा तिथेच जायची, आणि प्रत्येक वेळी तो चिमटीतला ताण आठवायचा.

तुम्ही म्हणता, मांजराला कळत नाही का थुंकून टाकायला? नाही टाकता येत. तिच्या जिभेवर बारीक काटे असतात, सगळे घशाकडे वळलेले. हाताला खरखर लागते ती त्यांचीच. दोरा त्यांत अडकला की आतच सरकतो. म्हणून लोकर नाही. राखी नाही, गजऱ्याचा दोरा नाही, गणपतीच्या मखराची झिरमिळी नाही, रबरबँड नाही, संक्रांतीला गॅलरीत येऊन पडलेला मांजा तर नाहीच. बाजारातल्या कापडी उंदराचे चिकटवलेले डोळे आणि शेपटी मी आधी कापून टाकते.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. खाकी कागदाचा बोळा, टेबल टेनिसचा चेंडू, भोकं पाडलेला खोका. आणि कुलपात असते ती काठी, टोकाला पक्की शिवलेली जाड चिंधी. ती फक्त माझ्या हातात असताना बाहेर येते. ती कशी हलवायची हे शिकायला मला वेळ लागला. तोंडासमोर नाचवायची नाही. कुठला उंदीर आपणहून मांजराच्या तोंडाशी येतो? चादरीखालून सरकवायची, थांबवायची, तिच्यापासून लांब पळवायची. शेवटी तिला पकडू द्यायची, दातांत धरून मागच्या पायांनी लाथा मारू द्यायच्या आणि लगेच जेवण द्यायचं. दहा मिनिटं संध्याकाळी, दहा पहाटे. शिकारीला मांजर त्याच वेळी निघतं. भाच्यानं लाल ठिपक्याचा दिवा आणला होता, तो परत दिला. ठिपका डोळ्यात गेला तर वाईट, आणि पकडला तरी पंजात काहीच येत नाही. भुरी नंतर कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसली होती.

जाऊबाई म्हणतात, गावाकडच्या मांजरांना कोण खेळणी देतं? ऑपरेशनच्या आधी मीही हेच म्हणायचे. पण गावाकडच्या मांजराला माळा आहे, धान्याची पोती आहेत, उंदीर आहेत. हिला डोंबिवलीतली चौथ्या मजल्यावरची जाळी लावलेली गॅलरी आहे. शिकार मी तिच्या आयुष्यातून काढून घेतली, तर तिच्या जागी काहीतरी देणं माझ्याकडे लागतंच. अतिरेक करते म्हणता, तर करते.

पण हेही खरं की दोऱ्यांच्या घरात मांजर ठेवायचंच कशाला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मशीन चालू असताना मधलं दार बंद असतं आणि ती पलीकडून ओरडते. अंगण असलेल्या कुणाला तरी देऊन टाकावी, असं दोनदा ठरवलं. एकदा पिशवीसुद्धा भरली होती. जमलं नाही. ठेवून घेतली ती तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

रात्री मशीन बंद केली की मी ओल्या फडक्यानं सगळी फरशी पुसते, मग बॅटरी घेऊन कोपरे बघते. परवा सोफ्याच्या मागे गुलाबी दोऱ्याचा वीतभर तुकडा सापडला. त्या रंगाचं काम मी मे महिन्यात केलं होतं.