अरब स्त्रियांचा मेकअप: आधी पाणी, मग रंग

अरब स्त्रियांचा मेकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते काळेभोर, लांब रेघ ओढलेले डोळे. ते बघून लोक आयलायनरचा आकार गिरवायला लागतात आणि दोन तासांत सगळं काळं गालावर उतरतं. कारण रंग हा या प्रकारातला शेवटचा आणि छोटा भाग आहे. त्याच्या आधी हम्मामची, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाची वाफ आहे, नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं, म्हणजे वुजूचं पाणी आहे, जेद्दा आणि मस्कतची चिकट हवा आहे. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत चालीरीती वेगळ्या, त्वचेचे रंग वेगळे. पण काय लावायचं, कधी लावायचं आणि कशाने उतरवायचं, हे बहुतेक ठिकाणी पाणीच ठरवतं.

मोरोक्कोच्या हम्मामपासून सुरुवात करू. तिथला 'साबून बलदी' म्हणजे ऑलिव्ह तेल आणि पोटॅशपासून केलेला, लोण्यासारखा मऊ, काळपट तपकिरी साबण. त्याची वडी नसते, बोटाने उचलायचा. आधी दहा-पंधरा मिनिटं वाफेत नुसतं बसायचं. मग अक्रोडाएवढा गोळा घेऊन ओल्या अंगाला चोळायचा आणि पाच ते दहा मिनिटं तसाच ठेवायचा. पुढची पायरी सगळ्यात जास्त चुकते: हा साबण पूर्ण धुऊन टाकायचा, आणि त्यानंतरच 'केस्सा' हा खरखरीत हातमोजा घालायचा. साबण अंगावर असताना घासलं तर हातमोजा नुसता घसरतो, मळ निघत नाही, मग माणूस जोर लावतो आणि कातडी सोलवटते. धुतलेल्या ओल्या त्वचेवर लांब, एकाच दिशेचे हात मारले की राखाडी वळकट्या सुटू लागतात. नाहीच सुटल्या तर हात कमी पडलेला नसतो, वाफ कमी पडलेली असते, पुन्हा बसायचं. आठवड्यातून एकदा पुरे. चेहऱ्याला हा हातमोजा लावू नये, आणि रेटिनॉल वापरत असाल तर मुळीच नाही.

त्यानंतर येते घासूल, मध्य अ‍ॅटलासच्या पायथ्याकडच्या खाणींतली तपकिरी माती. केसांसाठी आणि चेहऱ्यासाठी ती गुलाबपाण्यात किंवा कोमट पाण्यात भिजवतात. चेहऱ्याला दोन चमचे पुरतात. लेप अर्धवट ओला असतानाच धुवायचा. तडे जाईपर्यंत ठेवला तर त्वचा ओढल्यासारखी होते, नंतर खाज सुटते. शेवटी आर्गन तेलाचे दोन-तीन थेंब, अंग ओलसर असतानाच. कोरड्या त्वचेवर तेल वर तरंगतं आणि मग ते 'चिकट आहे' म्हणून बदनाम होतं. आर्गन घेताना वास घ्यावा. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंग वास आला तर ते खाण्याचं तेल, गर भाजून काढलेलं. त्वचेसाठीचं न भाजलेल्या गराचं असतं, वास अगदी मंद. हे तेल काढण्याची मोरोक्कन बायकांची पद्धत २०१४ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

पूर्वेकडे सीरियात अलेप्पोचा साबण आहे, ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा. मोठ्या कढईत शिजवून, वड्या पाडून महिनोन्‌महिने हवेत सुकवतात. म्हणून वडी बाहेरून पिवळसर तपकिरी आणि आतून हिरवी असते. आतबाहेर एकसारखा गडद हिरवा दिसला तर एकतर साबण कच्चा आहे किंवा रंग घातलाय. अंगासाठी उत्तम. चेहऱ्याला मात्र रोज नको, कारण कुठलाही खरा साबण अल्कधर्मी असतो आणि कोरड्या चेहऱ्याला ते सोसत नाही.

आता साखर. इजिप्तमध्ये 'हलावा', लेबनॉनकडे 'सुक्कर'. अंगावरची लव काढायची ही पद्धत इतकी साधी आणि इतकी नेमकी आहे की तिच्यापुढे मला मेणाची पट्टी अडाणी वाटते. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवायचं, साखर विरघळली की ढवळणं बंद. लिंबाचं काम वासाचं नाही. त्यातलं आम्ल साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करतं, म्हणून थंड झाल्यावर पाकाची पुन्हा साखर होत नाही. लिंबू कमी पडलं की दुसऱ्या दिवशी डब्यात खडे तयार. पाक ११८ ते १२१ अंशांपर्यंत जायला हवा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून बघायचा: घट्टसर, पण दाबली तर चेपणारी गोळी वळली की उतरवा. रंग मधासारखा. गडद तपकिरी झाला म्हणजे पुढे गेला, असा गोळा थंडावला की काचेसारखा तडकतो. त्यात चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम केलं तर सुधारतो. पातळ राहिला तर आणखी दोन मिनिटं.

उतरवलेला पाक लगेच हातात घेऊ नये, भाजतो आणि चिकटून राहिल्यामुळे खोल भाजतो. बोटाला सोसेल इतका कोमट झाला की लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. सुरुवातीला तो पारदर्शक असतो. पंधरा-वीस वेळा ओढला की आत हवा जाते, रंग फिकट पिवळट, मोत्यासारखा होतो. तेव्हा तो तयार. लावायचा लवेच्या उलट दिशेने, दाबून, पातळ. ओढायचा लवेच्या दिशेने, त्वचेला समांतर, मनगटाच्या झटक्याने. मेणाच्या बरोबर उलटं. लव ज्या दिशेने वाढते त्याच दिशेने निघाल्यामुळे ती मध्येच कमी तुटते आणि आत वळणारे केसही कमी होतात. दुसरा हात त्वचा ताणून धरणारा हवाच, नाहीतर खाली निळे डाग पडतात. लव साधारण अर्धा सेंटिमीटर हवी.

गोळा त्वचेवर वितळून बसला तर घाबरायचं कारण नाही, साखर आहे, कोमट पाण्याने जाते. पण असं वारंवार होत असेल तर अंग घामेजलेलं आहे किंवा पाक थोडा पातळ आहे. आखाती उन्हाळ्यात पाक नेहमीपेक्षा किंचित कडक ठेवावा, आणि आधी अंगावर टाल्कचा हलका हात फिरवावा. त्यानंतर २४ तास हम्माम नाही, अत्तर नाही. चेहऱ्याची लव बहुतेक बायका दोऱ्यानेच काढतात. इजिप्तमध्ये या पद्धतीला 'फतला' म्हणतात, आखातात आणि इराकमध्ये 'हफ्फ'.

आता डोळे. 'कुहल' म्हणजे सुरम्याची पूड. ती ठेवायची सुरमादाणी म्हणजे 'मकहला' आणि सळई म्हणजे 'मिरवद'. सळई पुडीत बुडवायची, कडेवर टिचकी मारून जास्तीची पूड झाडायची, ती नाकाकडच्या कोपऱ्यात आडवी टेकवायची, डोळा हलकेच मिटायचा आणि मिटलेल्या पापण्यांमधून सळई बाहेरच्या बाजूला ओढून घ्यायची. एका ओढीत वरची आणि खालची, दोन्ही कडा भरतात. पेन्सिलने हा परिणाम साधत नाही, कारण पेन्सिल एका वेळी एकच कड रंगवते.

पण पुडीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'इथमिद' या शब्दाचा अर्थ अँटिमनीचं खनिज, आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, त्याचा उल्लेख असल्यामुळे त्याला धार्मिक मानही आहे. बाजारात त्या नावाने मिळणारी चमकदार करडी पूड मात्र तपासणीत अनेकदा गॅलेना निघालीय, म्हणजे शिशाचं सल्फाइड. शिसं डोळ्यांतून अश्रूंबरोबर घशात जातं, बोटांवरून तोंडात जातं. नवजात बाळाच्या डोळ्यांत आणि बेंबीवर कुहल लावण्याची जुनी चाल म्हणूनच थांबायला हवी. मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. नुसतं बघून किंवा हुंगून शिसं ओळखू येत नाही. 'मक्केचं', 'मदिनेचं', 'शुद्ध' हे शब्द प्रयोगशाळेचा दाखला नव्हेत. काजळीपासून केलेला काळा कुहल हा वेगळा प्रकार, ओमानमध्ये लोबान जाळून त्याची काजळी धरतात. त्यात शिसं असायचं कारण नसतं, पण कुणी काय मिसळलंय हे विकत घेताना कळत नाहीच. मी तर बंद पॅकची, घटक छापलेली काजळ पेन्सिलच सुचवेन.

काजळ पसरतं ते दोन कारणांनी. आतली कड ओली असते आणि पापणीवर तेल असतं. त्यामुळे आधी कापसाने कड टिपायची, पापणीवर पावडर दाबायची, वरच्या कडेला वॉटरप्रूफ जेल लायनर आणि खालच्या कडेला फक्त बाहेरच्या दोन-तृतीयांश भागात काजळ. त्यावर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने दाबली की रेघ बसते. उतरवताना घासायचं नाही. तेलाचा रिमूव्हर लावलेला कापूस वीस-तीस सेकंद नुसता डोळ्यावर धरून ठेवायचा.

दिवसाचं वेळापत्रक वुजू ठरवतो. चेहरा, कोपरांपर्यंत हात, पावलं धुतली जातात, डोक्यावरून ओला हात फिरतो, आणि पाणी त्वचेला आणि नखाला लागावं लागतं. नेलपॉलिशचा थर पाणी अडवतो, म्हणून अनेकजणी ती पाळीच्या दिवसांतच लावतात, कारण तेव्हा नमाज नसतो. एरवी नखांना मेंदी. मेंदी थर चढवत नाही, नुसता रंग देते. वॉटरप्रूफ मस्कऱ्याचीही तीच अडचण, त्याऐवजी कोमट पाण्याने नळीसारखा निघून येणारा ट्यूबिंग मस्करा सोयीचा. सनस्क्रीनचं मात्र फार कमी जणींच्या लक्षात येतं. दुपारच्या जुहर नमाजाच्या वुजूत सकाळचं सनस्क्रीन बरंचसं धुतलं जातं, नेमकं ऊन माथ्यावर असताना. बाहेर असाल तर जुहर आणि असर (तिसऱ्या प्रहरचा नमाज), दोन्हींनंतर चेहरा टिपून पुन्हा लावायला हवं, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं. वांगाचे डाग असतील तर रंगीत सनस्क्रीन घ्यावं. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं. साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

बेसबद्दल थोडक्यात. खूपजणींच्या त्वचेत हिरवट, ऑलिव्ह छटा असते. गुलाबी फाउंडेशन त्यावर राखेसारखं दिसतं, फार पिवळं घेतलं तर चेहरा आजारी वाटतो. शेड हातावर नव्हे, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघायची. डोळ्यांखालच्या काळ्यावर थेट फिकट कन्सीलर लावला की निळसर दिसतो. आधी पीच, गडद त्वचेला नारिंगी करेक्टर, अगदी पातळ, आणि फक्त काळ्या भागावर. खलीजी, म्हणजे आखाती लग्नातला मेकअप जाड, कट-क्रीज (पापणीच्या घडीवर ठळक रेघ) आणि भरगच्च पापण्यांचा. लेबनीज हात मऊ कॉन्टूरिंगचा आणि चमकत्या त्वचेचा. 'हुदा ब्यूटी'वाल्या हुदा कत्तानने २०१३ मध्ये दुबईत व्यवसाय सुरू केला तोही कृत्रिम पापण्यांनीच. या पापण्यांची टोकं दमट हवेत सुटतात, कारण पट्टी डोळ्यापेक्षा लांब असते. ती मोजून बाहेरच्या बाजूने कापावी आणि गोंद अर्धा मिनिट चिकट होऊ द्यावा.

निकाब, म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड, घालणारीचं गणित वेगळं. कापड गालावर आणि नाकावर घासतं, क्रीमचा बेस तासाभरात कापडावर जातो. तिथे सनस्क्रीन, थोडी पावडर, बस. मेकअप फक्त डोळे आणि भुवयांचा. हनुवटीवर पुटकुळ्या येत असतील तर त्या घासण्याच्या आणि घामाच्या असतात. निकाब रोज धुतलेला आणि कापड हवा खेळती ठेवणारं असावं.

मेंदीचं एकच सांगते, पण ते महत्त्वाचं. खरी मेंदी सुरुवातीला केशरी दिसते आणि दोन दिवसांत गडद तपकिरी होते. तासाभरात काळीकुट्ट होणारी 'काळी मेंदी' म्हणजे बहुधा तीत केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन. फोड येतात, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे केसांचा डायही लावता येत नाही. ऊद (अगरूचं सुगंधी लाकूड) आणि बखूर (त्याचा धूप) शक्यतो कपड्यांना आणि केसांना द्यावं. कोळसा पूर्ण राखाडी झाल्यावरच लाकूड ठेवायचं, नाहीतर सुगंधाऐवजी धुराचा वास बसतो.

राहिली 'खलता'. रंग उजळवण्यासाठी सलूनमध्ये किंवा ओळखीतून मिळणारी, बिनलेबलच्या डबीतली क्रीमची सरमिसळ. पंधरवड्यात चेहरा उजळतो, कारण आत बहुधा जोरकस स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन असतं, कधी पारासुद्धा. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालावर लाल बारीक शिरा दिसतात, बारीक पुरळ येतं, तोंडाभोवती लव वाढते. मग ती क्रीम बंद केली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो आणि घाबरून पुन्हा तीच लावली जाते. या टप्प्यावर असाल तर डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइड एकदम बंद करायचं की हळूहळू उतरवायचं, हे किती दिवस आणि कितीदा लावलं यावर ठरतं. तोवर वाफ, केस्सा, साखर, घासूल, सुगंधी काहीही चेहऱ्याला नाही. सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. लाली आणि आग शमायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि आलेल्या शिरा बहुतेकदा आपोआप जात नाहीत.