३८ वी स्ट्रीट आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यू

आज अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या या चौकात जाऊन आले. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांना २०२० मध्ये पोलिसांनी इथेच दाबून धरलं होतं, त्यातच त्यांचा जीव गेला. वाळलेली फुलं, पावसात भिजलेलं एक टेडी बेअर. घड्याळ लावून उभी राहिले. ९ मिनिटं संपता संपत नाहीत हो! तेवढा वेळ डेरेक शोविन या पोलिसाचा गुडघा त्यांच्या मानेवर होता. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मात्र गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं तर?

शोविनला २०२१ मध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पण २०२३ मध्ये न्याय खात्याने अख्ख्या पोलीस दलावर वर्णभेदाचा ठपका ठेवला, आणि सुधारणेच्या करारातून २०२५ मध्ये केंद्र सरकारनेच अंग काढून घेतलं. फार संताप येतो.

एक कृष्णवर्णीय आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी दुसरी झारी उचलली.