बोरीचा स्टॉप

चवथीच्या सुट्टीत भाचा आला होता, यंदा नववीत गेलाय, आणि बाहेर पाऊस असा लागलेला की अंगणात उतरायची सोय नव्हती. आमचा गणपती दीड दिवसाचा, तो पोचवून झाला होता पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, उतरवायची राहिली होती, तिच्याखालीच चटई टाकून बसलो आणि मी त्याला म्हटलं चल तुला एक पिक्चर दाखवते. 'शाळा'. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरून सुजय डहाकेनी केलेला, २०१२ च्या जानेवारीत आला होता आणि त्याच वर्षी मराठीतला सगळ्यात चांगला पिक्चर म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळालेला. मी तेव्हा एकदा बघितला होता, कादंबरी त्याच्याही आधी वाचली होती, पण नववीतल्या मुलाच्या शेजारी बसून बघणं वेगळंच असतं ते आता कळलं.

गोष्ट साधीच आहे. आणीबाणीचं वर्ष, १९७५-७६, एक लहानसं गाव, नववीतला जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर. त्याला ती आवडते. बस्स. मित्रांच्या भाषेत 'लाईन'. तो तिला बघायला म्हणून वाट वाकडी करतो, ती वळून बघते, मग दिवसभर तो जमिनीवर नसतो. भाच्याला आधी आणीबाणी काय ते सांगावं लागलं, तेव्हा आमच्याकडे गोव्यात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या हेही सांगितलं, त्यात त्याला फार रस नव्हता. पण शिरोडकर आली की तो हलायचा पण नाही.

आता शिरोडकर हे आडनाव. बाकीच्यांना ते नुसतं आडनाव वाटत असेल, मला मात्र आमचा गाव दिसतो, फोंडा तालुक्यातलं शिरोडा, कामाक्षीचं देऊळ, राय गावाला जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का. (शिरोडं वेंगुर्ल्याकडे पण आहे, जिथे खांडेकर मास्तर होते ते, तेव्हा ती शिरोडकर मूळची कुठली ते बोकीलच जाणोत, मी तिला आमचीच धरून चाललेय.) गोव्यात आडनाव म्हणजे गावच असतो ना, आणि शाळेत हजेरीला आडनावच, त्यामुळे पिक्चरमध्ये ती दोघं एकमेकांना आडनावानं हाक मारतात ते मला इतकं खरं वाटतं. नाव घेणं म्हणजे फार जवळ जाणं होतं. आडनावातच सगळं ठेवायचं.

सगळे या पिक्चरबद्दल बोलतात ते जोशीच्या बाजूनं, साहजिक आहे, गोष्ट तोच सांगतो. मी मात्र या वेळी पूर्ण वेळ शिरोडकरकडे बघत होते. तिला सगळं माहीत असतं हो. पहिल्यापासून. केतकी माटेगावकरनं ते असं केलंय की कुठे काही दाखवलंय असं वाटत नाही, नुसती मान जरा खाली, आणि ओठ बंद ठेवूनच हसू. तिकडे जोशीचा मित्र सुऱ्या त्याला आवडणाऱ्या केवडा नावाच्या मुलीला सरळ विचारून मोकळा होतो आणि त्याचं जे व्हायचं ते होतं, आणि इकडे ही दोघं काही न विचारता किती पुढे गेलेली असतात. मुलीला माहीत असणं आणि तिनं ते सांभाळून ठेवणं, हे इतकं नीट दाखवलेलं मी दुसरीकडे फार बघितलं नाही.

मला पण माहीत होतं. १९९४ साल, मी नववीत, हायस्कूल फोंड्याला. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळं इंग्लिश, घरी कोंकणी, त्यामुळे मनातलं काही लिहायचं झालं तर ते मराठीतच यायचं, आणि लिहिलं तरी द्यायचं कोणाला. तो बोरीचा होता. सुटल्यावर आम्ही एकाच बसला, मी पुढे बायकांच्या सीटवर, तो मागच्या दाराला लटकून. बोरी आधी येते, शिरोडा शेवट. सप्टेंबरच्या सुमारास कधीतरी मला कळलं की बोरीला तो उतरतच नाही. शिरोड्यापर्यंत यायचा, बस रिकामी झाली की खाली उतरून देवळाच्या बाजूला तोंड करून उभा राहायचा, आणि मग तीच बस वळली की परत चढायचा. दोनदा तिकीट काढायचा, रोज. एकदा उतरताना त्याच्या हातात ते तिकीट मी बघितलं, इतकी घडी घातलेली की शेंगदाण्याएवढं झालेलं. माझ्या केसात अबोलीचा वळेसर होता त्या दिवशी, आईनं घातलेला. मी मागे न बघता चालत गेले पण सावकाश गेले, मुद्दाम, वळण येईपर्यंत. तेवढंच मी त्याला दिलं.

जानेवारीत कोणीतरी घरी सांगितलं. कोणी ते अजून माहीत नाही. बाबा ओरडले नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसते शिरोड्याच्या स्टॉपवर येऊन उभे राहिले. हातात छत्री, पाऊस नसताना. तो उतरला, त्यानं त्यांना बघितलं, आणि बाबांनी त्याला विचारलं, "बाळा, तू खंयचो?" तो म्हणाला, "बोरीचो." बाबा म्हणाले, "बरें."

पिक्चरच्या शेवटी वडिलांच्या बदलीमुळे शिरोडकर गाव सोडून जाते. भाचा काही बोलला नाही, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. मग जरा वेळानं विचारलं, "मावशे, तिनं त्याला सांगितलं का नाही, जाताना?" मी म्हटलं सांगायला मिळालं नसेल रे. त्याला ते पटलं नाही असं दिसत होतं, आणि मलाही त्याला आणखी काय सांगावं ते सुचेना, वर बघत बसले, माटोळीतली सुपारी वाऱ्यानं हलत होती.

त्या दिवसानंतरही बस तीच होती. दुसऱ्या दिवशी बोरी आली, कंडक्टरनं शिट्टी मारली आणि मागच्या दारातून तो उतरला. मी खिडकीत होते. बस सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, आणि मी पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघितलं.