तुमची पत्रे येतात तरी कुठे?

बारा महिने गाडीतच राहणाऱ्या माणसाला लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतले बहुतेक एक-दोन भेटींत संपतात. झोपता कुठे, आंघोळीचे पाणी कुठून आणता, कंटाळा येत नाही का, यांची उत्तरे मिळाली की विचारणाऱ्याचे समाधान होते. टपालाचा प्रश्न मात्र संपत नाही. "मग तुमची पत्रे येतात तरी कुठे? पार्सल मागवता कसे?" असे विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, बँकेतले कर्मचारी असतात आणि आमच्यासारखेच घर सोडून निघण्याच्या बेतात असलेली जोडपीही असतात. आजवर मी "होते सोय" एवढेच सांगून विषय बदलत आले. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी पूर्ण उत्तर देते, कारण ती सोय आपोआप होत नव्हती, ती एक व्यक्ती करीत होती, आणि तिचे नावही न काढता हे उत्तर देत राहणे मला आता जमत नाही.

सोपा भाग आधी सांगते. पुढच्या आठवड्यात ज्या गावी पोहोचणार, तिथल्या पोस्टात आपल्या नावाने पत्र मागवता येते. पत्त्याच्या जागी आपले नाव, खाली 'पोस्ट रेस्तांत', मग पोस्टाचे नाव आणि पोस्टल कोड एवढे पुरते. अमेरिकेत याच सोयीला 'जनरल डिलिव्हरी' म्हणतात. पत्र खिडकीमागे पडून राहते, आपण ओळखपत्र दाखवून ते घ्यायचे. सगळी पोस्टे ही सोय देत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारावे. शिवाय ठेवण्याला मुदत असते. अमेरिकेत पाठवणाऱ्याने वेगळे काही लिहिले नसेल तर साधारण १५ दिवस, आणि त्याने तशी सूचना केली असेल तर ३० दिवसांपर्यंत पत्र ठेवतात. ब्रिटनमध्ये देशातून आलेले पत्र दोन आठवडे आणि परदेशातून आलेले महिनाभर थांबते. त्यानंतर ते परत जाते. आपण वाटेत गाडी बंद पडून अडकलो आहोत, हे त्या खिडकीला कळण्याचा काही मार्ग नसतो.

नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहायला सांगावे. खिडकीमागे आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे कप्पे असतात, आणि पाठवणाऱ्याने नाव-आडनावाची अदलाबदल केलेली असली, की पाकीट भलत्याच कप्प्यात जाऊन बसते. "तुमचे काही आलेले नाही" असे उत्तर मिळाले तरी लगेच निघू नये. पहिल्या नावाच्या अक्षराचा कप्पाही पाहण्याची विनंती करावी. मी ती दर वेळी करते, आणि पाकीट त्या दुसऱ्या कप्प्यातून निघाल्याचे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

हे ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर जी कीव दिसते, तिच्याबद्दल मला बोलायचे आहे. दारात टपाल येणे ही त्यांना माणसाच्या स्थिर आणि जबाबदार आयुष्याची खूण वाटते. जो खिडकीवर जाऊन पत्र मागतो तो त्यांच्या लेखी कुठेतरी चुकलेला असतो. पण घरोघर टपाल वाटण्याची रीत तितकीशी जुनी नाही. अमेरिकेतल्या शहरांत घरपोच मोफत बटवडा १८६३ मध्ये सुरू झाला आणि खेड्यांकडे तो १८९६ पासून वळू लागला. त्याआधी पत्र हवे असेल तर माणूस पोस्टात जात असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आम्ही तेच करतो. त्यासाठी आमच्याकडे अशा नजरेने पाहण्याचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

पार्सलाचे गणित निराळे आहे, पण त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. खासगी कुरिअरची पार्सले पोस्टाच्या खिडकीवर अनेक ठिकाणी घेत नाहीत, म्हणून मागवण्यापूर्वी वस्तू कोणाकडून येणार हे विचारून घ्यावे लागते. जर्मनीत २००१ मध्ये सुरू झालेल्या 'पॅकस्टेशन'सारखे पार्सल लॉकर आता अनेक देशांत आहेत आणि ते आमच्यासारख्यांसाठी फार उपयोगाचे आहेत. फक्त त्यांच्या कप्प्यांना माप असते, आणि गाडीच्या छपराची झडप किंवा पाण्याची टाकी त्यात मावत नाही. बॅटरी मागवायची असेल तर आणखी संयम हवा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्यामुळे त्या बहुधा जमिनीवरून किंवा समुद्रमार्गे येतात, आणि त्या येईपर्यंत आम्हाला त्याच गावात मुक्काम वाढवावा लागतो. हे सगळे त्रासाचे आहे, पण यात न सुटणारे काही नाही.

खरी अडचण पत्र मिळण्याची नाही. बँक, विमा कंपनी, वाहन परवान्याचे कार्यालय, रुग्णालय यांपैकी कोणालाही तुम्ही आज कुठे आहात हे जाणून घ्यायचे नसते; तुम्ही राहता कुठे, हे त्यांना हवे असते, आणि ते उत्तर वर्षभराने विचारले तरी तेच यायला हवे असते. पोस्टाची खिडकी त्यांना चालत नाही. अमेरिकेत गाडीत राहणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे तिथे टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्था आहेत. टपालखात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज आणि ओळखीचे दोन पुरावे दिले की त्या तुमच्या वतीने पत्रे घेतात. दक्षिण डकोटा राज्यात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून आणि प्रतिज्ञापत्र देऊन अशा लोकांना वाहन परवाना घेता येतो, म्हणून वर्षातले बहुतेक दिवस दुसरीकडेच असणारी कितीतरी माणसे कागदोपत्री तिथली रहिवासी आहेत. आम्ही निघालो तेव्हा आमच्यापुढे असा काही पर्याय नव्हता. आमच्याकडे ताई होती.

ताई माझ्याहून मोठी. आम्ही निघालो तेव्हा तिने आपण होऊन तिचा पत्ता दिला, आणि त्या दिवसापासून आमची सगळी कागदपत्रे तिच्या दारात पडू लागली. ती पाकिटे उघडायची, एकेका पानाचा फोटो काढायची आणि मला पाठवायची. प्रत्येक फोटोत कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर तिच्या चष्म्याचे घर ठेवलेले असायचे, कारण घडी घातलेला कागद सपाट राहत नाही. जाहिराती ती परस्पर टाकून द्यायची. पाकीट हातात घेतले की आत कार्ड आहे की नुसता कागद, हे तिला बोटांना कळायचे, आणि कार्ड असले तर ती फोटोची वाट न पाहता आधी फोन करायची. मी त्या काळात सगळ्यांना अभिमानाने सांगत असे की आमचे काहीही अडत नाही, आता सगळे ऑनलाइन झाले आहे, टपालाची काळजी ही जुन्या पिढीची सवय आहे. ते ताईसमोरही सांगत असे.

मग एका मुक्कामी माझ्या छातीतल्या गाठीची बायोप्सी झाली. अहवाल दहा दिवसांत येईल, असे त्या रुग्णालयात सांगितले. फोन नंबर मी दिला होता. पत्ता त्यांनी विम्याच्या कागदांवरून उतरवून घेतला, म्हणजे ताईचा. आम्ही पुढे निघालो. अहवाल दहा दिवसांच्या आत तयार झाला. रुग्णालयाने मला फोन केला असेलही, पण तेव्हा आम्ही डोंगरांतल्या अशा खोऱ्यात होतो, जिथे नेटवर्क नव्हते. कागदी प्रत नेहमीच्या टपालाबरोबर ताईकडे गेली आणि तिने ती नेहमीप्रमाणे उघडली. माझी बायोप्सी झाली आहे, हे तिला ठाऊक नव्हते. निदान होईपर्यंत तिला घाबरवायला नको, असे आम्हा दोघांना वाटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घाट उतरलो तेव्हा फोन एकदम वाजू लागला आणि एकामागून एक तिचे चुकलेले कॉल दिसू लागले. मी तिला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला, "गाडी कोण चालवतंय?" मी म्हटले, "हा चालवतोय." ती म्हणाली, "त्याला आधी बाजूला थांबवायला सांग." गाडी थांबेपर्यंत ती काही बोलली नाही. मग तिने तो अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्यातले वैद्यकीय शब्द ती कुठेही न अडखळता वाचत होती. ते तिने आदल्या रात्री एकेक करून शोधले होते आणि त्यांचा उच्चारही करून पाहिला होता, म्हणजे माझ्यासमोर वाचताना तिचा आवाज अडकू नये. हे तिने मला फार नंतर सांगितले. भाऊजींना तिने काही सांगितले नव्हते. मी का म्हणून विचारले, तेव्हा म्हणाली, "पाकिटावर नाव तुझं होतं."

त्यानंतर शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, आणि आज माझी प्रकृती चांगली आहे. ती हकिकत इथे सांगायची नाही. सांगायचे आहे ते हे की, गाडी रस्त्याच्या कडेला उभी असताना मला प्रथम भीती वाटली नाही आणि कृतज्ञताही वाटली नाही. मला राग आला. माझ्या शरीराबद्दलची सर्वांत मोठी बातमी माझ्याआधी दुसऱ्या कोणीतरी एक दिवस आणि एक रात्र स्वतःजवळ ठेवली होती, आणि त्या व्यक्तीवर रागावण्याचा मला काहीही अधिकार नव्हता.

पूर्वीची मी, जी सगळे ऑनलाइन झाले आहे असे सांगत फिरत असे, ती यावर गप्प बसत नाही. ती म्हणते की घरात राहिले असते तरी पाकीट नवऱ्याने उघडले असते, बातमी तीच असती, उपचारही तेच झाले असते. यात रस्त्याचा काय दोष? तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. उपचार सुरू होण्यास त्या एका दिवसाने काही उशीर झाला नाही, हेही खरे आहे. पण नवऱ्याला ते पाकीट घेऊन शेजारच्या खोलीत यावे लागले असते, एवढेच. ताईला रात्रभर बंद फोनवर पुन्हा पुन्हा नंबर फिरवावा लागला. आम्ही निवडलेल्या आयुष्याची ही किंमत ज्या व्यक्तीने मोजली, तिने ते आयुष्य निवडलेले नव्हते.

उपचारांनंतर आम्ही टपाल सांभाळणारी एक सेवा घेतली. आलेल्या पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो ते पाठवतात. उघडायचे, पुढे पाठवायचे की नष्ट करायचे, हे आपण कळवायचे. माझी पत्रे आता प्रथम मीच वाचते. पण बाहेरून पाहून विम्याच्या नूतनीकरणाचे पाकीट आणि जाहिरातीचे पाकीट यांत फरक करता येत नाही, म्हणून मी सगळीच उघडायला सांगते आणि प्रत्येकाचे पैसे भरते. ज्या गोष्टी ताईच्या बोटांना कळत होत्या, त्या तिथे कोणाला कळत नाहीत, आणि कळाव्यात अशी अपेक्षाही चूक आहे. शिवाय आमच्या बँकेने तो पत्ता व्यावसायिक आहे म्हणून नाकारला. त्यामुळे बँकेची पत्रे आजही ताईकडेच येतात, आणि त्याच बँकेने जोडून दिलेल्या आरोग्य विम्यामुळे रुग्णालयाचीही.

ही सेवा घेतल्याचे मी ताईला सांगितले तेव्हा तिने विचारले, "माझं काही चुकलं का गं?" मी नाही म्हटले. का घेतली, हे मात्र तिला पटेल असे सांगता आले नाही. तुझ्यावरचा भार कमी करायचा होता असे म्हणावे, तर ती म्हणते की तिला भार कधी वाटलाच नाही, उलट पाकिटांमुळे आम्ही कुठे आहोत आणि काय करतो आहोत ते कळत राहायचे. तिच्या या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. ठेवला तर माझी सोय होते, आणि म्हणूनच मला तो ठेवण्याची भीती वाटते. "बहिणीला किती दिवस कामाला लावणार?" असे विचारणाऱ्यांना मात्र मी अजूनही खडसावते. त्यांच्यापैकी कोणी आमचे एकही पाकीट कधी घेतलेले नाही.

आता आम्ही एक नियम केला आहे, आणि निघण्याच्या तयारीत असलेल्यांनी तो ऐकून घ्यावा, जसाच्या तसा पाळावा असे माझे म्हणणे नाही. रुग्णालयाचे पाकीट ताईने उघडायचे नाही. ते आले एवढेच कळवायचे आणि मी सांगितले तरच उघडायचे. नियम कागदावर चांगला दिसतो. गेल्या तपासणीचे पाकीट आले तेव्हा आम्ही पुन्हा नेटवर्कच्या बाहेर होतो. ताईने नियम पाळला. ते बंद पाकीट घेऊन ती आमच्या फोनची वाट पाहत राहिली, आणि आत घाबरण्यासारखे काहीही नव्हते. उघडले असते तर तिला त्याच क्षणी सुटल्यासारखे वाटले असते. तेव्हा यातली कोणती रीत तिला कमी त्रासाची, हे मी तिला विचारले, ती म्हणाली, "तुला जी बरी वाटेल ती."

पुढच्या वर्षी ताई घर बदलणार आहे. बँक, विमा, परवाना, सगळीकडे पत्ता बदलावा लागेल, आणि पत्ता बदलायला रहिवासाचा पुरावा लागतो, जो आमच्याकडे नाही. नव्या घराच्या करारात तुझे नाव घालू का, असे तिने विचारले आहे. नवऱ्याचे मत घालावे असे आहे. मी अजून तिला हो म्हटलेले नाही.