ऑपरेटरची इमेज सोर्सवरून बिल्ड करताना: माझा अनुभव

हवी असलेली दुरुस्ती मूळ रेपोत मर्ज झाली होती, पण रिलीज निघालं नव्हतं. म्हणून क्युबरनेटिस ऑपरेटरची (क्लस्टरमधलं एखादं अ‍ॅप आपोआप सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) कंटेनर इमेज स्वतः बिल्ड केली. ऑपरेटर गो भाषेतला, क्युबबिल्डर या ऑपरेटर बनवण्याच्या साधनाच्या साच्यावर उभा असलेला.

मेन ब्रँच घेऊ नका. क्लस्टरवर जी आवृत्ती चालू होती तिचाच टॅग मी चेकआउट केला आणि त्यावर हवा तो एकच कमिट चेरी-पिक केला, म्हणजे तेवढाच उचलून लावला. मेनवर सीआरडी (ऑपरेटरच्या स्वतःच्या ऑब्जेक्ट-प्रकारांच्या व्याख्या) पुढे सरकलेल्या असतात. नव्या कोडला लागणारं फील्ड क्लस्टरच्या जुन्या स्कीमात नसलं, की एपीआय सर्व्हर ते गाळून टाकतो. हेल्म या पॅकेज मॅनेजरने बसवलं असेल तर जास्तच सांभाळा: चार्टच्या (हेल्मच्या पॅकेजच्या) सीआरडीज फोल्डरमधल्या फाइली हेल्म पहिल्या इन्स्टॉलला लावतं, अपग्रेडला त्यांना हात लावत नाही.

डॉकरफाइल दोन टप्प्यांची. पहिल्यात गोलँगची इमेज: आधी गो-मॉड आणि गो-सम (मॉड्यूल्सची यादी आणि त्यांचे चेकसम) कॉपी, मग मॉड्यूल डाउनलोड, मग कोड. हा क्रम मोडला तर कोडची एक ओळ बदलली तरी सगळी मॉड्यूल्स पुन्हा उतरतात. माझं पहिलं बिल्ड याच टप्प्यात अडलं, कारण गो-मॉडमध्ये मागितलेली गोची आवृत्ती बेस इमेजपेक्षा नवी होती. एरवी गो हवी ती टूलचेन (कंपायलर वगैरे) स्वतः आणतं, पण अधिकृत गोलँग इमेजमध्ये गोटूलचेन हे सेटिंग ‘लोकल’वर बांधलेलं असतं. बेस इमेजचा टॅग वाढवला आणि सुटलं. ते बंधन काढूनही काम होतं. मी काढत नाही, कारण मग बायनरी कुठल्या कंपायलरने झाली हे डॉकरफाइल वाचून कळत नाही.

दुसरा टप्पा डिस्ट्रोलेस स्टॅटिक, नॉनरूट. या इमेजमध्ये शेल नाही, जीलिबसी ही सी लायब्ररी नाही. सीजीओ_एनेबल्ड=० (गोमध्ये सी कोड जोडणं बंद करणारं सेटिंग) हे डॉकरफाइलमधून निसटलं तर बिल्ड होतं, पुशही होतं, आणि पॉड उठताना म्हणतो की ‘/मॅनेजर’ (ऑपरेटरची बायनरी) अशी फाइलच नाही. फाइल जागेवर असते. नसतो तो तिला लागणारा डायनॅमिक लोडर (चालताना लायब्ररी जोडून देणारा प्रोग्राम), आणि दोन्ही वेळा कर्नल एकच एरर परत करतो. कॉपीच्या ओळीवर डोकं घालवण्याआधी बायनरीवर ‘फाइल’ कमांड चालवा. ‘स्टॅटिकली लिंक्ड’ दिसायलाच हवं.

युजर ६५५३२:६५५३२ असा आकड्यातच लिहा. नाव लिहिलं आणि पॉडवर रनअ‍ॅजनॉनरूट (रूट म्हणून चालू न देण्याची अट) असेल, तर क्युबलेट, म्हणजे नोडवर कंटेनर चालवणारा एजंट, कंटेनर सुरूच करत नाही. नुसत्या नावावरून हा युजर रूट नाही याची खात्री त्याला करता येत नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर एआरएम६४ आणि नोडचा एएमडी६४ असेल तर साध्या डॉकर बिल्डची इमेज नोडवर ‘एक्झेक फॉर्मॅट एरर’ देते. डॉकरच्या बिल्डएक्सला प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ द्या. शिवाय पहिल्या फ्रॉमवर प्लॅटफॉर्म म्हणून बिल्डप्लॅटफॉर्म आणि गोआर्चला टार्गेटआर्च द्या. मग कंपायलर लॅपटॉपच्या मूळ वेगाने धावतो आणि क्रॉस-कंपाइल करतो. नाहीतर अख्खं कंपाइल क्यूएमूच्या इम्युलेशनमधून जातं आणि ताटकळत बसावं लागतं.

इमेजच्या टॅगमध्ये मूळ आवृत्ती आणि कमिटची सुरुवातीची अक्षरं घातली. ‘लेटेस्ट’ला पुल पॉलिसी आपोआप ‘ऑलवेज’ होते, त्यामुळे काइंडमध्ये (डॉकरमध्ये चालणाऱ्या चाचणी क्लस्टरमध्ये) लोड केलेली इमेजसुद्धा रजिस्ट्रीतच शोधली जाते.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो इमेज तयार झाल्यावर. डिप्लॉयमेंटमध्ये इमेज बदलली, थोड्याच वेळात जुनी परत आली. ऑपरेटर ओएलएमने (ऑपरेटर बसवणाऱ्या आणि अपग्रेड करणाऱ्या व्यवस्थेने) बसवलेला होता आणि तिथे डिप्लॉयमेंटची मालकी सीएसव्हीकडे, म्हणजे ऑपरेटरच्या त्या आवृत्तीचं वर्णन करणाऱ्या ऑब्जेक्टकडे असते. सीएसव्हीच्या आतल्या डिप्लॉयमेंट स्पेकमध्ये बदल केला तेव्हा तो टिकला. ओएलएमच्या सबस्क्रिप्शनमध्ये अपग्रेडची मंजुरीही मॅन्युअल केली, नाहीतर पुढचं अपग्रेड नवी सीएसव्ही आणतं आणि आपली इमेज जाते.

पॉड ‘रनिंग’ दिसला एवढ्यावर थांबू नका. पॉडच्या स्टेटसमधल्या इमेजआयडीचा डायजेस्ट पुशच्या वेळी आलेल्या डायजेस्टशी जुळवा. लीडर इलेक्शन (एका वेळी एकाच पॉडने काम करण्याची सोय) चालू असेल तर नवा पॉड जुन्याची लीज, म्हणजे कामाचा तात्पुरता ताबा, सुटेपर्यंत थांबतो. क्युबबिल्डर वापरतं त्या कंट्रोलर-रनटाइम लायब्ररीत तिची मुदत डीफॉल्टने १५ सेकंद असते. लॉगमध्ये ‘सक्सेसफुली अ‍ॅक्वायर्ड लीज’ आलं, की तिथून पुढे रिकन्साइल करतो (क्लस्टरची स्थिती हवी तशी आणतो) तो आपला कोड.