काट्यावर लावलेला ड्रॅग

गरवण्याच्या सामानाच्या प्रदर्शनात गर्दी असते ती नव्या रॉडभोवती. माझं काम जुन्या रील उघडून साफ करण्याचं, बेअरिंग आणि ड्रॅगच्या चकत्या बदलण्याचं. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा किती जोराने ओढला की दोरी सुटायची ते तो ठरवतो. रत्नागिरीत मला दाराजवळ टेबल मिळालं होतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्याचे मच्छीमारही निवांत फिरत होते.

सकाळ नेहमीच्या कामात गेली. खाऱ्या पाण्यावरून आलात की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रील धुवा, सुकली की ड्रॅग सैल करून ठेवा, हे प्रत्येकाला सांगत होतो.

दुपारी एक तरुण तावातावाने आला. "ही ब्रेडची, विणलेली दोरी नकली आहे. भाट्याच्या खडपात तांबोशी लागली नि एका झटक्यात तुटली." मागोमाग विकणारा, तोही चिडलेला. मी दोरी बोटांतून सरकवून पाहिली. कालवांवर घासून कुठे पिंजलेली नव्हती. मग खांबाला ताणकाटा टांगला, दोरी त्याला बांधली आणि म्हटलं, रॉड वाकवून ओढ. काटा 8 किलोवर गेला तरी रील फिरेना, इतका ड्रॅग आवळलेला. दोरी 10 किलो ताण सोसणारी! गाठीपाशी ती आणखी कमजोर होते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा साधा दोर, थोडा ताणला जातो, झटका खातो. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. म्हणजे सगळा झटका गाठीवर.

"ड्रॅग सैल ठेवला तर मासा कपारीत शिरतो की," तो म्हणाला. हे खरंच आहे. गळ लागताच तांबोशी खडकाकडेच पळते. नुसतं "दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांशावर ठेव" म्हणून या माणसाचं समाधान होणार नव्हतं.

तेवढ्यात बघत उभे असलेले एक आजोबा पुढे झाले. आयुष्यभर हातगरीने, म्हणजे रॉडशिवाय नुसत्या हातात दोरी धरून, मासे मारलेले, बोटांवर तंगुसाच्या वळ्या. रीलला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं, काटा माझ्याकडे घेतला. "काका, मी मासा. सोडावंसं वाटेल तेव्हा सोडा." मी ओढत गेलो. काटा 3 किलोच्या किंचित अलीकडे आला आणि त्यांच्या बोटांतून दोरी सरकायला लागली. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच. त्या दोरीला जो ड्रॅग मी काट्यावर मोजून लावला असता, तो त्यांच्या बोटांत होता. माझ्या अंगावर काटा आला.

"आणि कपारीत शिरला तर?" तरुणाने विचारलं.

"मग ओढायचं नाय. दोरी सैल सोडायची नि गप बसायचं. त्याला वाटतं सुटलो, आपणहून बाहेर येतो. तेव्हा उचलायचा."

सगळेच मासे बाहेर येतात असं नाही. पण ओढत राहिलं तर दोरी खडकावर कापलीच जाते, हे मीही पाहिलंय. तरुणाने नवी दोरी घेतली नाही. जाड लीडर, म्हणजे गळाजवळ जोडायचा दोरीचा तुकडा, घेतला. तो एफजी नावाच्या गाठीने कसा जोडायचा हे मी सावकाश दाखवलं, मासा पहिल्यांदा धावला की स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीवर, तळहात कसा दाबायचा तेही. विकणाऱ्याचा राग निवळला.

नंतर काट्यावर ड्रॅग लावून घ्यायला रांगच लागली, साफसफाईच्या रील तशाच पडून राहिल्या. निघताना मी आयोजकांना सांगून आलो: पुढच्या वेळी त्या काकांना रीतसर बोलवा, मानधन द्या आणि माझ्या शेजारी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा.