शिडाच्या होडीसाठी घर शोधताना: डहाणूपासून दोना पावलापर्यंत

नाशिक सोडून कायमचे समुद्राकाठी राहायला जायचे आणि वर्षातले जितके दिवस हवामान परवानगी देईल तितके दिवस शिडाची होडी चालवायची, हे आम्ही दोघांनी नोकरीत असतानाच ठरवले होते. मुंबई बंदरात सुट्टीच्या दिवशी जाऊन आम्ही हा छंद शिकलो, पण पहाटे कसारा घाट उतरायचा आणि रात्री पुन्हा चढायचा, या धावपळीत होडीपेक्षा मोटारच जास्त चालवली जाते. म्हणून यंदा संक्रांत झाल्यावर मोटार काढली आणि डहाणूपासून गोव्यापर्यंतचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत गेलो. आमच्यासारखा विचार करणारी आणखी काही मंडळी नाशकात आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

निघण्यापूर्वी आम्ही एक पथ्य ठरवले, ते म्हणजे कोणत्याही गावाची निवड तिथल्या पुळणीवरून करायची नाही. पांढरी वाळू, सुरूचे बन आणि समोर उघडा समुद्र असे गाव सहलीला उत्तम असते, पण उघड्या किनाऱ्यावर होडी नांगरून ठेवता येत नाही. आठ मीटर लांबीच्या, तळाला कील, म्हणजे तोल सांभाळणारा वजनदार पाता असलेल्या होडीला साधारण दीड मीटर पाणी लागते, आणि ते भर ओहोटीलाही तिच्याखाली राहिले पाहिजे. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी खाडीचे मुख पाहिले, मग धक्का, आणि घरांची चौकशी सर्वांत शेवटी केली.

पहिला मुक्काम डहाणूला केला. त्र्यंबक आणि जव्हारमार्गे उतरले की नाशिककराला सर्वांत जवळचा समुद्र हाच, आणि हवा, वाड्या, माणसे या सर्व बाबतींत गाव मनात भरते. आम्ही मुद्दाम पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथे होतो. दुपारी पाऊणच्या सुमारास बांधाला टेकलेले पाणी संध्याकाळी सातपर्यंत इतके दूर गेले की धक्क्याजवळच्या होड्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. सपाट बुडाच्या मासेमारी होडीला याचे काही वाटत नाही, पण कील असलेली होडी रोज दोनदा अशी आडवी पडू लागली तर ती फार काळ टिकणार नाही. खंबातच्या आखातामुळे आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. मुंबईला उधाणाच्या वेळी तो चार मीटरच्या वर जातो, डहाणूला त्याहून अधिक असतो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास उतरतो. शिवाय डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर उभे राहत आहे. त्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. तिथले मच्छीमार त्याला वर्षानुवर्षे विरोध करत आले आहेत, आणि त्यांच्याशी बोलल्यावर त्यांची काळजी मनापासून पटते. अशा पाण्यात छंदाची होडी घेऊन जाऊन राहणे आम्हाला योग्य वाटले नाही.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत इथे सांगून ठेवतो, कारण प्रवासभर आम्ही तिच्यावरच वेळापत्रक आखले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपास पूर्ण भरती किती वाजता येईल हे मोटामोटी समजते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज गाव पाहायला पुरेसा आहे, होडी चालवायला नाही. त्यासाठी भरती-ओहोटीची छापील कोष्टके, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचे लाटा-वाऱ्यांचे अंदाज वापरावेत. गाव पाहायला जाताना मात्र अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस जरूर साधावेत. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत कोणतीही खाडी खोल आणि शांत दिसते.

मुंबईपलीकडे मांडवा-अलिबाग पट्ट्यात आमचे मन बराच काळ रेंगाळले. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह रो-रो बोटीने तासाभरात मांडव्याला उतरता येते, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून नाशिकहून मुंबईच्या वेशीपर्यंतचा वेळ खूपच कमी झाला आहे. मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत बंदरात शर्यती चालतात. दुरुस्ती करणारे कारागीर, सुटे भाग आणि शर्यतीला जोडीदार एवढे सगळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठेही एकत्र मिळत नाही. ज्यांना महिन्यातून दोन-तीनदा नाशिकला यावेच लागते, ज्यांचे आई-वडील किंवा व्यवसाय इथे आहे, त्यांनी फार शोधाशोध न करता हाच पट्टा पाहावा. आमची अडचण दोन गोष्टींची झाली. जमिनींचे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेलेले आहेत, आणि मोठ्या जहाजांची वाट सोडून, भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांशी जुळवून होडी चालवण्याचे काम सतत दक्षतेचे आहे. चाळिशीत ते आनंदाने करता येते, पण साठीनंतर रोज ते करावेसे आम्हाला वाटत नाही.

मुरूडजवळ राजपुरीला थांबलो ते निव्वळ पाहण्यासाठी. जंजिऱ्याला माणसे नेणाऱ्या होड्या आजही शिडावर चालतात. आमच्या होडीवरच्या तांडेलाने एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने शिडाची दोरी धरली होती. किल्ल्याच्या तटाने वारा अडवला त्या क्षणी त्याने दोरी हलकेच सैल सोडली आणि उरलेल्या वेगावर होडी दरवाज्याच्या पायऱ्यांपासून हातभर अंतरावर आणून उभी केली. शिडाची होडी शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा जवळून पाहावे, कारण होडी थांबवण्याची कला चालवण्याच्या कलेपेक्षा अवघड आहे.

त्यापुढे हर्णै, जयगड आणि रत्नागिरी ही बंदरे आम्ही तुलनेने भरभर पाहिली. जयगडची खाडी खोल आणि आडोशाची आहे, पण तिथे मोठ्या जहाजांची ये-जा आहे. रत्नागिरी हे राहायला सोयीचे शहर आहे, दवाखाने चांगले आहेत आणि नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेसने थेट जाता येते, परंतु मिरकरवाड्याचे बंदर मासेमारी नौकांनी इतके भरलेले असते की तिथे आपल्या होडीसाठी जागा मागणे म्हणजे कुणाच्या तरी पोटापाण्यात अडथळा आणणे होय.

विजयदुर्गला मात्र आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त राहिलो. वाघोटण खाडीचे मुख किल्ल्याच्या आडोशाला आहे, बाहेर वायव्येचा वारा पाणी उसळवत असताना आत होडी स्वस्थ उभी राहते, आणि गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराने खडकात खोदलेली गोदी आजही दिसते. आरमाराने तळासाठी जी जागा निवडली ती आजच्या होडीवाल्यालाही निवडावीशी वाटावी, यात नवल नाही. आम्ही एका मच्छिमाराची छोटी होडी भाड्याने घेतली आणि पूर्ण ओहोटीला, दर वावेवर (सुमारे सहा फुटांवर) गाठ मारलेल्या दोरीला शिशाचे वजन बांधून, धक्क्यापासून खाडीत आतपर्यंत ठिकठिकाणी खोली मोजली. वजनाच्या तळाला मेण चोपडले की तळ चिखलाचा आहे की खडकाचा हेही कळते, आणि नांगर कोणता घ्यायचा हे त्यावरून ठरते. होडीवाले काका आमचा खटाटोप कौतुकाने पाहत होते. परतताना म्हणाले, “दुपारनंतर वारो येतलोच, पण सांजेक आत येताना भरती बगा.” खाडीबाहेर पडणारे ओहोटीचे पाणी आणि समोरून येणारा वारा यांची गाठ पडली की मुखाशी लाट उभी राहते. म्हणून आत शिरण्याची वेळ भरतीशी जुळवून घ्यावी, असा त्या एका वाक्याचा अर्थ आहे, आणि कोकणातल्या प्रत्येक खाडीला तो लागू पडतो.

विजयदुर्गला घर का घेतले नाही, असे घरच्यांनी विचारले. कारण असे की तिथे शीड फाटले, डोलकाठीची तार तुटली किंवा फायबरला तडा गेला तर दुरुस्त करणारा माणूस जवळ नाही, आणि मोठ्या आजारपणात सिंधुदुर्गातली माणसे गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाकडे धावतात. तरुण जोडप्याने, हाताने दुरुस्ती करता येत असेल तर, विजयदुर्गचा जरूर विचार करावा. मालवणला पाणी सुंदर आणि माणसे समुद्राची जाणकार आहेत, परंतु बंदरात आणि बाहेर पाण्याखालच्या खडकांची दाटी आहे. वेंगुर्ल्याबाहेरही तीच सावधगिरी हवी. नवख्याने तिथे स्थानिक तांडेलाला सोबत घेतल्याशिवाय शीड उभारू नये.

आता वाऱ्याविषयी, कारण जागा ठरवताना पाण्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे या किनाऱ्यावर घड्याळ लावावे इतक्या नियमाने वाहतात. थंडीच्या महिन्यांत पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो आणि किनाऱ्यालगत पाणी सपाट असते. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, मधे एक निर्वात वेळ जाते, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरू लागतो. मार्च ते मे या काळात हा दुपारचा वारा दहा ते पंधरा नॉटपर्यंत (ताशी साधारण अठरा ते अठ्ठावीस किलोमीटर) सहज जातो. म्हणून गाव पाहायला गेल्यावर किमान दोन रात्री राहावे आणि धक्क्यावर सूर्योदयालाही जावे आणि दुपारी चारलाही जावे. सकाळी देखणी वाटलेली नांगरण्याची जागा दुपारी होडीला आडवे-तिडवे झोडपत असेल तर ती आपल्या कामाची नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. खाडीवरचे पूल आणि विजेच्या तारा यांची पाण्यापासूनची उंची पूर्ण भरतीच्या हिशेबाने तपासावी, कारण डोलकाठी अडली तर पुलाच्या आतली उत्तम जागाही निरुपयोगी ठरते.

आमची निवड शेवटी गोव्यात, झुआरीच्या मुखाशी दोना पावलाच्या बाजूला झाली. भूशिराच्या आडोशाने वायव्येचा जोर कमी होतो, भरती-ओहोटीतला फरक मध्यम आहे आणि पलीकडे मुरगावचे बंदर आहे. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यात तो धोकादायक होतो, म्हणून दोन नद्यांत आम्ही झुआरी निवडली. निर्णायक कारण मात्र माणसांचे आहे. जगप्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या म्हादई आणि तारिणी या दोन्ही शिडाच्या नौका दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधल्या गेल्या, 2017 मध्ये सहा महिला अधिकारी तारिणीतून गोव्याहूनच निघाल्या आणि 2018 मध्ये परतल्या. त्यामुळे फायबर, तारा, शिडे आणि यंत्र यांची जाण असलेले कारागीर इथे भेटतात. इथेही नम्रतेने वागण्याची गरज आहेच. झुआरीतल्या मरिनांच्या, म्हणजे छंदाच्या होड्यांसाठीच्या बंदरांच्या प्रस्तावांना मच्छिमारांनी विरोध केलेला आहे, आणि बाहेरून येणाऱ्याने नांगर टाकण्यापूर्वी बंदर खात्याची परवानगी घ्यावी, तशीच गावातल्या मच्छिमारांची भेट घेऊन त्यांची जाळी कुठे लागतात हे विचारावे.

जमिनीच्या बाबतीत घाई करू नये. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, तेव्हा सात-बारा आणि बिनशेती आदेश दोन्ही पाहावेत, आणि भरतीरेषेजवळच्या जागेवर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध कितपत आहेत हे मंजूर नकाशावर तपासावे. आम्ही नाशिकचे घर ठेवले आहे आणि गोव्यात ऑक्टोबर ते मे एवढ्या हंगामासाठी भाड्याने राहणार आहोत. दमट हवेत भांडी, कपाटे आणि पुस्तके कशी राहतात, हे नाशिकच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला एका हंगामाशिवाय समजत नाही.

पावसाळ्याची व्यवस्था मात्र होडी विकत घेण्यापूर्वीच करून ठेवावी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि छंदाच्या होडीने तर सप्टेंबरपर्यंत पाण्याचे नाव काढू नये. शिवाय मोसमी पावसाची वाट पाहत थांबणेही बरे नाही, कारण तौक्ते वादळ 2021 मध्ये मेच्या मध्यालाच या किनाऱ्यावरून गेले, आणि निसर्ग वादळ 3 जून 2020 रोजी अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आदळले. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होडी पाण्याबाहेर, डोलकाठी उतरवलेली आणि शिडे घरात असावीत. गोदीत ठेवण्याची जागा मार्चमध्येच बोलून ठेवावी. होडी उचलण्याचा, ठेवण्याचा आणि परत पाण्यात सोडण्याचा खर्च वेगवेगळा लागतो का, क्रेन किती वजन उचलते, आणि वादळाचा इशारा आल्यास आधी कुणाची होडी बाहेर काढतात, हे गोदीवाल्याकडून लेखी घ्यावे. कोकणातले मच्छीमार आपल्या होड्या माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी शाकारून ठेवतात. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली वाफ कोंडून लाकूड कुजते, तसे झापांखाली होत नाही, आणि फायबरच्या होडीलाही आम्ही हेच आच्छादन घालणार आहोत.